वाचकांचे प्रश्न : क्रँकशाफ्ट का तुटतो?

टर्बो बसवलेल्या, आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) वाढवलेल्या किंवा स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) बदललेल्या इंजिनांच्या क्रँकशाफ्टविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. क्रँकशाफ्ट, म्हणजे क्रँक, हा पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा. तो ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगांवर फिरतो, त्याच्या पिनांवर पिस्टनचे रॉड बसतात, बेअरिंगात फिरणाऱ्या या गोल भागांना जर्नल म्हणतात आणि त्यांना जोडणाऱ्या हातांना वेब. उत्तरांतले आकडे मोटारींच्या सर्वसाधारण पेट्रोल इंजिनांचे आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा.

प्रश्न : चार सिलिंडरच्या, पाच मेन बेअरिंगच्या दोन लिटर इंजिनाला टर्बो बसवला आणि मेन कॅपचे (मेन बेअरिंग खालून धरणाऱ्या टोप्यांचे) बोल्ट काढून जास्त ताकदीचे स्टड टाकले. वर्षभरात क्रँक तुटला. मग चांगला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक आणून बसवला. तोही आठ महिन्यांत त्याच जागी, तिसऱ्या पिनेच्या कडेला तुटला. बेअरिंगे बऱ्यापैकी निघाली. आता याहून भारी धातूचा क्रँक घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. दोन वेगळ्या धातूंचे क्रँक एकाच जागी तुटतात तेव्हा त्या जागेवर पडणारा भार शोधावा लागतो. तो सापडला नाही तर तिसरा क्रँकही तिथेच तुटेल, फार तर काही महिने जास्त टिकेल.

दोन्ही क्रँकचे तुकडे जपून ठेवले असतील तर अर्धे काम झाले आहे. तुटलेली तोंडे एकमेकांना जुळवून पाहू नका आणि त्यांवर वायर ब्रश फिरवू नका, नाहीतर खुणा पुसल्या जातात. डिझेलने हलक्या हाताने धुऊन, हवा मारून वाळवा आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडून भिंगातून पाहा. तोंडाचा एक भाग गुळगुळीत दिसेल आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानी असतील. त्या कमानी ज्या बिंदूभोवती वळल्या आहेत तिथून भेग निघाली. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार असतो, कारण तो शेवटच्या क्षणी एका झटक्यात तुटलेला असतो. गुळगुळीत भाग मोठा आणि खरबरीत भाग लहान असेल, तर भार फार मोठा नव्हता पण भेग बराच काळ चालत होती. खरबरीत भाग मोठा असेल तर भारच प्रचंड होता. तिथे नॉकिंग (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अनियंत्रित भडका), चुकीच्या गिअरमुळे उडालेले आरपीएम किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी यांचा संशय घ्यावा.

पुढे भेगेची दिशा पाहा. पिन आणि वेब जिथे मिळतात त्या गोलाईतून, म्हणजे फिलेटमधून निघून भेग वेबमधून आडवी गेली असेल तर क्रँक वाकण्याने गेला. पिनेवरच्या ऑइल होलच्या काठावरून निघून सुमारे ४५ अंशांत तिरकी, स्क्रूच्या आट्यासारखी गेली असेल तर पीळ पडून गेला. वाकण्याचे कारण बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये असते. पिळाचे कारण डँपर (क्रँकच्या पुढची, कंपन शोषणारी पुली), फ्लायव्हील आणि आरपीएम यांत शोधायचे असते.

तुम्ही लिहिता की तो पिनेच्या कडेला तुटला आणि मेन स्टड बदलले होते. म्हणून आमचा पहिला संशय मेन बोअरवर, म्हणजे मेन बेअरिंगे बसतात त्या ब्लॉकमधल्या भोकांवर आहे. नव्या स्टडचा दाब जुन्या बोल्टपेक्षा वेगळा असतो, त्या दाबाने कॅप वेगळी बसते आणि बोअर गोल राहत नाही किंवा पाच बोअर एका रेषेत राहत नाहीत. मग क्रँक प्रत्येक फेरीला थोडा वाकतो आणि सरळ होतो. ६,००० आरपीएमला हे मिनिटाला ६,००० वेळा घडते. स्टड बदलले की मेन बोअर तपासलेच पाहिजेत, आणि आकार बिघडला असेल तर लाइन होनिंग (सगळे बोअर एका रेषेत घासून गोल करणे) करून घेतलेच पाहिजे. खर्च वाचवायला बहुतेक जण नेमके हेच काम गाळतात.

तपासणी अशी करा. बेअरिंग न घालता पाचही कॅप पूर्ण टॉर्कला आवळा आणि प्रत्येक बोअर बोअर गेजने तीन दिशांनी मोजा. मग ब्लॉक उलटा ठेवून, कॅप काढून, पाचही बोअरच्या तळाशी लांब, अचूक पट्टी टेकवा. पट्टीखाली ०.०४ मि.मी.चे फिलर पान कुठेही सरकता कामा नये. कॅप ब्लॉकला जिथे टेकते त्या पृष्ठभागावर चकचकीत ठिपके किंवा तांबूस-तपकिरी भुकटी असेल तर चालत्या इंजिनात कॅप हलत होती. जुनी मेन बेअरिंगे क्रमाने मांडून पाहा. कडेची जेमतेम घासलेली आणि मधल्याचा खालचा शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) खूप घासलेला, असा फरक दिसला तर रेषा वाकडी आहे.

नवा क्रँक बसवण्याआधी पहिल्या आणि पाचव्या मेनमध्ये तेवढे वरचे शेल ठेवून, त्यांवर क्रँक टेकवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावा. एका फेरीत काटा ०.०३ ते ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त हलला तर तो क्रँक वापरू नका. बांधताना एकेक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवा. तिसरी कॅप आवळल्यावर तो जड झाला तर तिथेच थांबा. इंजिन चालले की मोकळे होईल, असे कोणी सांगेल. ते ऐकू नका.

बेअरिंगे ‘बऱ्यापैकी’ निघाली म्हणता, तर रॉडचे शेल पुन्हा एकदा पाहा. ज्वलनाचा दाब रॉडच्या वरच्या शेलवर आणि मेनच्या खालच्या शेलवर येतो. पिस्टनला वर थोपवून परत खाली ओढण्याचा ताण रॉडच्या खालच्या, कॅपमधल्या शेलवर येतो. वरच्या शेलचा पातळ थर वाळलेल्या चिखलासारखा तडकलेला असेल तर नॉकिंग होते आहे. अशा इंजिनात इग्निशन टायमिंग मागे घेणे, मिश्रण आणि इंटरकूलर तपासणे हे क्रँकच्या आधी करायचे काम आहे. टॉप गिअरमध्ये १,८०० आरपीएमला पूर्ण बूस्ट मागायची सवय असेल तर तीही सोडावी. कमी वेगात दाब जास्त आणि बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ, असा हा सगळ्यात वाईट मेळ असतो.

प्रश्न : क्रँकच्या पुढची रबर असलेली जड पुली काढून अ‍ॅल्युमिनिअमची एकसंध हलकी पुली बसवली आहे. आरपीएमला मर्यादा घालणारा लिमिटरही ७,००० वर नेला. इंजिन चटकन उचलते. पण काही जण सांगतात, क्रँक जाईल. खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. जुनी पुली परत बसवा. तिच्यातले रबर आणि बाहेरचे जड कडे मिळून डँपर होतो. प्रत्येक फायरिंगला क्रँक किंचित पिळतो आणि स्प्रिंगसारखा परत येतो. या पिळाची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती सेकंदाला ४०० धरू, म्हणजे मिनिटाला २४,०००. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन फायरिंग होतात. त्यामुळे क्रँकला फेरीमागे दोन, चार, सहा अशा पटींत हिसके बसतात. २४,००० ला ६ ने भागले तर ४,००० आणि ४ ने भागले तर ६,००० येतात. म्हणजे ४,००० आणि ६,००० आरपीएमला बाहेरचा हिसका आणि क्रँकचा स्वतःचा झोका एकमेकांना मिळतात आणि पीळ वाढत जातो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो जसा चढत जातो, तसेच हे आहे. मूळ पुलीतले रबर ही ऊर्जा उष्णतेत घालवत होते. तुमच्या पुलीत ते करणारे काही नाही, आणि लिमिटर वाढवल्यामुळे आता गाडी त्या पट्ट्यातून रोज जाते. तुमच्या क्रँकची कंपनसंख्या वेगळी असेल, पण हिशेब याच पद्धतीचा राहतो.

चार सिलिंडरचा क्रँक आखूड असतो, त्याची कंपनसंख्या जास्त असते, म्हणून काही गाड्या अशा पुलीवर वर्षानुवर्षे चाललेल्याही दिसतील. सरळ सहा सिलिंडरच्या लांब क्रँकला मात्र ही मोकळीक नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींना सहा सिलिंडरची इंजिने येऊ लागली तेव्हा क्रँक तुटणे हीच त्यांची मोठी अडचण होती. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर बनवलेला डँपर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

क्रँक तुटायच्या आधी पीळ बाकीच्या सुट्या भागांत दिसतो. पुलीचा बोल्ट सैल होतो, फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले सापडतात, क्रँकच्या नाकावरून चालणाऱ्या ऑइल पंपाचा आतला रोटर तडकतो. लिमिटरवर इंजिन धडधडत ठेवणे पंपाच्या रोटरला फार वाईट असते. रोटर फुटला की तेलाचा दाब जातो आणि क्रँकही त्याच्याबरोबर जातो.

जुनी पुली बसवण्यापूर्वी तिचे रबर पाहा. भेगा, बाहेर आलेला फुगवटा किंवा तेलाने मऊ पडलेला भाग असेल तर नवी घ्या. चांगल्या पुलीवरही मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. काही हजार किलोमीटरनंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर नसतील तर कडे सरकले आहे. पुली ठोकून बसवू नका, बोल्टने किंवा इन्स्टॉलरने ओढून बसवा. पुलीला धरून ठेवणारी मुख्य ताकद बोल्टच्या आवळणीची असते, चावी (क्रँक आणि पुलीच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) फक्त जागा दाखवते. माझदा एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत आखूड नाकाचा क्रँक होता. तिथे बोल्टची पकड सुटली की पुली डगमगून चावीची खाच रुंदावते, आणि मग क्रँकच बदलावा लागतो.

प्रश्न : इंजिनातून ठोके येतात. खोलायच्या आधी क्रँकचा दोष ओळखता येतो का?

उत्तर : बराचसा ओळखता येतो. आधी गरम इंजिनावर यांत्रिक गेज लावून तेलाचा दाब मोजा. दर १,००० आरपीएमला सुमारे ०.७ बार, म्हणजे ६,००० ला चार बारच्या थोडे वर, हा जुना आणि उपयोगी अंदाज आहे. मग २,००० ते २,५०० आरपीएमला इंजिन धरून अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडा. त्या क्षणी कडक ठोका उठला तर रॉड बेअरिंग धरावे. एकेक सिलिंडरचा इंजेक्टर आणि कॉइल दोन्ही बंद करून पाहा. ज्या सिलिंडरला ठोका कमी होतो त्याचा रॉड. भार टाकल्यावर खोलवरून जड, दबका ठोका येतो तो मेनचा. क्लच दाबताच आवाज बदलत असेल तर क्रँक पुढेमागे सरकतो आहे.

तेलाचा फिल्टर फेकण्याआधी कापा. आतला कागद सोडवून, पिळून, पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारी भुकटी लोखंडाची. न चिकटणारे चंदेरी पापुद्रे बहुधा बेअरिंगचे, आणि तांबूस चमक दिसली तर वरचा थर संपून तांब्याचा थर उघडा पडला आहे. अशी चमक दिसल्यावर गाडी चालवत घरी नेऊ नका.

तडा गेलेला क्रँक वेगळ्या खुणा देतो. टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूण एका जागी राहत नाही, आरपीएमच्या ठरावीक पट्ट्यात नवा थरथराट येतो, क्रँक सेन्सरच्या नोंदींत कारण नसताना मिसफायर दिसतो, आणि रॉडची बेअरिंगे बदलूनही ठोका जात नाही. तिरका तुटलेला क्रँक दात अडकल्यासारखा एकमेकांत धरून राहतो आणि इंजिन काही काळ चालूही राहते. म्हणून ‘इंजिन चालते आहे, म्हणजे क्रँक धड आहे’ असे समजू नये.

प्रश्न : क्रँक ०.२५ मि.मी. अंडरसाइज (जर्नल घासून व्यासाने तेवढे लहान) करून घ्यायचा आहे. इंजिन टर्बोचे आहे. ग्राइंडिंग करणाऱ्याला काय सांगू?

उत्तर : सगळ्यात आधी फिलेटच्या गोलाईबद्दल सांगा. मूळ गोलाई २.५ मि.मी. असेल आणि दगडाची कड १ मि.मी.ला घासून घेतलेली असेल, तर जर्नल आरशासारखा होईल आणि क्रँक मात्र कमजोर होईल. वाकण्याचा ताण त्याच कोपऱ्यात साठतो. काम हातात आल्यावर रेडियस गेज लावून प्रत्येक कोपरा पाहा. गोलाई मूळपेक्षा मोठी झाली असेल तर शेलची कड तिच्यावर घासते, आणि शेलच्या कडेला चकाकती रेघ उमटते. तेव्हा कड उतरवलेले शेल लागतात.

काही क्रँकना जर्नलच्या दोन्ही कडांना बारीक खोलगट पन्हळ असते. ती कारखान्यात रोलरने दाबून केलेली असते आणि तिथला दाबलेला धातू भेगेला अडवतो. त्या पन्हळीला दगड लागता कामा नये.

क्रँक नायट्रायड केलेला (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक केलेला) असेल तर हिशेब करा. अंडरसाइज ०.२५ म्हणजे प्रत्येक बाजूने ०.१२५ मि.मी. धातू जातो. नायट्रायडिंगचा कडक थर साधारण ०.२ ते ०.५ मि.मी. असतो आणि वरून आत कडकपणा उतरत जातो. त्यामुळे ग्राइंडिंगनंतर पुन्हा नायट्रायडिंग करणे आम्हाला आवश्यक वाटते. त्या उष्णतेने क्रँक किंचित वाकू शकतो, म्हणून नंतर डायल गेजवर पुन्हा पाहा. वाकला असेल तर नायट्रायड केलेला क्रँक ठोकून सरळ करू देऊ नका, वरचा थर तडकतो.

ग्राइंडिंगच्या वेळी कूलंट कमी पडले किंवा दगड बोथट असला तर पृष्ठभाग जळतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. म्हणून चुंबकीय भेग-तपासणी ग्राइंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोन वेळा करून घ्या. क्रँक चुंबकित करून त्यावर चमकणारी लोखंडी पूड टाकतात आणि अतिनील दिव्याखाली भेग हिरवट रेघेसारखी दिसते. चुंबकन दोन्ही दिशांनी करायला सांगा, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेली भेग दिसत नाही. शेवटी चुंबकत्व घालवायलाच हवे. नाहीतर तेलातला प्रत्येक लोखंडी कण क्रँकवर जमेल.

ऑइल होलच्या काठाला धार राहू देऊ नका. काठ गोल करून पॉलिश करा. क्रँक ओतीव असेल तर ग्राइंडिंगमध्ये ग्रॅफाइटच्या गोळ्यांच्या तोंडाशी सूक्ष्म कुसळे उठतात. ती बसावीत म्हणून शेवटचे पॉलिश क्रँक इंजिनात फिरतो त्या दिशेने करतात. तांब्याचा तुकडा जर्नलवर आडवा घासून पाहा. जर्नलवर तांबे लागले तर पॉलिश पुरेसे नाही. मग तेलमार्गांचे प्लग काढून आतून ब्रश घाला. ग्राइंडिंगचा चिखल तिथेच दडून बसतो आणि नव्या बेअरिंगचे पहिल्या काही मिनिटांत नुकसान करतो.

प्रश्न : टर्बो बसवल्यावर घट्ट तेल घातले तर क्रँक वाचतो ना?

उत्तर : तेल क्लिअरन्सप्रमाणे, म्हणजे जर्नल आणि बेअरिंग यांच्यातल्या फटीप्रमाणे निवडायचे असते. पेट्रोल इंजिनात जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका क्लिअरन्स हा सुरुवातीचा अंदाज. ४८ मि.मी.च्या पिनेला ०.०५ मि.मी.च्या आसपास. ०.०३ मि.मी.च्या बेअरिंगमध्ये घट्ट तेल घातले तर गेजवर दाब छान दिसतो, पण बेअरिंगमधून वाहणारे तेल कमी होते आणि बेअरिंग तापते. क्लिअरन्स मायक्रोमीटर आणि बोअर गेजनेच मोजा. प्लास्टिगेज (दबून किती रुंद झाली त्यावरून फट सांगणारी प्लास्टिकची बारीक तार) ताळा म्हणून ठीक आहे, मात्र ती दबलेली असताना क्रँक फिरवू नका.

वळणावर दाबाचा काटा क्षणभर जरी पडत असेल तर तेलाची जात बदलून काही होणार नाही. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये आडपडदे घाला. चेंबर बसवताना सीलंट बेतानेच लावा. आत सुटलेला त्याचा तुकडा थेट पंपाच्या जाळीत जातो.

प्रश्न : ८६ मि.मी. स्ट्रोकचा क्रँक ९२ चा करायचा विचार आहे. मेन ५५ आणि पिन ४८ मि.मी. आहे. धोका किती?

उत्तर : ओव्हरलॅप, म्हणजे समोरून पाहता मेन आणि पिन एकमेकांवर किती येतात ते मोजा. मेन आणि पिन यांच्या व्यासांची बेरीज निम्मी करून त्यातून अर्धा स्ट्रोक वजा करायचा. सध्या ५१.५ वजा ४३, म्हणजे ८.५ मि.मी. ओव्हरलॅप आहे. ९२ स्ट्रोकला तो ५१.५ वजा ४६, म्हणजे ५.५ राहतो. त्यासाठी पिन ऑफसेट ग्राइंड करून (मध्य बाहेर सरकवून घासून) ४२ ची केली तर ४८.५ वजा ४६, अवघे २.५ मि.मी. उरतात. वेबमधून सरळ जाणारा धातू निम्म्याहून कमी झाला. ओतीव क्रँकवर हे करू नये. फोर्ज्ड क्रँकवर करायचे तर पुरेशी गोलाई, नायट्रायडिंग आणि पक्क्या मेन कॅप हे तिन्ही हवे.

मग आरपीएम जुन्याच ठेवा. जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,५०० वरून ७,५०० ला गेल्यास तो ३३ टक्के वाढतो. ९२ स्ट्रोकला ७,५०० म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटर. तुमच्या मूळ इंजिनाचा ६,५०० ला १८.६ होता.

प्रश्न : जड प्रेशर प्लेटचा क्लच बसवल्यापासून क्रँक पुढेमागे हलतो. काळजीचे आहे का?

उत्तर : आहे. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक पहारीने हलकेच पुढेमागे करा. साधारण ०.१० ते ०.३० मि.मी. ठीक. त्यापेक्षा जास्त झाले तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे) गेले आणि वेब ब्लॉकवर घासू लागेल. थ्रस्ट वॉशरच्या तेलाच्या चऱ्या क्रँककडे तोंड करून बसतात. उलटे बसलेले वॉशर लवकर संपतात. क्लचच्या पेडलला थोडा मोकळा प्रवास ठेवा, आणि सिग्नलला क्लच दाबून उभे राहू नका, न्यूट्रल टाका.

प्रश्न : तपासणीत फिलेटमध्ये केसाएवढी, सहा मि.मी. लांब भेग दिसली. वेल्डिंग करून चालेल का?

उत्तर : नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने भेगेभोवतीचा धातू कडक आणि ठिसूळ होतो, आणि नवी भेग त्याच्या काठावरून निघते. ऑइल होलभोवतीचे अगदी उथळ ओरखडे वेगळे. ते घासून गेले आणि पुन्हा केलेल्या तपासणीत दिसले नाहीत तर क्रँक वापरता येतो. फिलेटमधली भेग मात्र घासूनही जाणार नाही. क्रँक बाजूला काढा, त्यावर ठळक खूण करा म्हणजे तो पुन्हा कोणाच्या इंजिनात जाणार नाही, आणि नवा आणण्याआधी मेन बोअर मोजा.